निर्मितीचे स्वप्न आणि दुरुस्तीचे काम

नव्या वस्तूच्या जन्माला जो मान मिळतो, तो जुन्या वस्तूच्या दुरुस्तीला सहसा मिळत नाही. नवे जहाज पाण्यात सोडावयाचे झाले म्हणजे नारळ फुटतो. नवे विमान प्रथम आकाशात झेपावले म्हणजे मंत्र्यांची भाषणे होतात. परंतु तेच जहाज गोदीत आडवे पडले, किंवा त्याच विमानाचे इंजिन उतरवून लाकडी घोड्यावर ठेवले गेले, की तेथे कोणी फिरकत नाही. तेलाने माखलेले चार फिटर आणि त्यांचा मुकादम एवढाच काय तो त्या समारंभाचा परिवार. असे असूनही भारताच्या विमानविद्येचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. या इतिहासाचा पाया दुरुस्तीच्या कामाने घातला गेला आहे, आणि तोही ज्याने निर्मितीचे स्वप्न पाहिले होते त्याच्या मनाविरुद्ध.

हे समजून घेण्यासाठी प्रथम इंजिनाचा स्वभाव ओळखला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर कितीतरी वर्षे भारताच्या आकाशात 'डाकोटा' नावाचे मालवाहू विमान सर्वत्र दिसे. त्याला दोन इंजिने असत. प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर. ते सात-सातांच्या दोन वर्तुळांत, फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे मांडलेले. आणि प्रत्येक इंजिनाची ताकद सुमारे १,२०० अश्वशक्ती. विमानाचा सांगाडा नीट सांभाळला तर पिढ्यान्पिढ्या टिकतो. इंजिनाचे तसे नाही. ठराविक शेकडो तास ते चालले, की त्यात वरवर काही दोष दिसो वा न दिसो, ते विमानावरून उतरवावेच लागते. मग त्याचा एकूण एक भाग सुटा करून धुवावयाचा, भिंगाखाली आणि चुंबकाच्या साहाय्याने त्यात केसाएवढी भेग आहे काय ते पाहावयाचे, सिलिंडरची झीज मोजावयाची, झिजलेले ते बदलावयाचे, आणि पुन्हा सर्व जुळवून ते कित्येक तास चाचणीच्या ओट्यावर गरजत ठेवावयाचे. यालाच ओव्हरहॉल म्हणतात. हिंदुस्थानच्या धुळीत आणि उन्हात तर इंजिनाची झीज अधिकच लवकर होते.

यावरून एक साधा सिद्धांत निघतो. विमान विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार आहे. ते उडते ठेवणे हा अनेक वर्षांचा. ज्याच्या हाती इंजिनाचा ओव्हरहॉल, त्याच्या हाती अखेर विमानाची किल्ली. म्हणून कोणत्याही देशात लष्करी मालवाहू विमानांच्या इंजिनांच्या देखभालीचे काम कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न हिशेबनिसाच्या टेबलावर सुटणारा नसतो. त्यात त्या देशाच्या स्वातंत्र्याचा काही अंश गुंतलेला असतो.

भारतात हा प्रश्न ज्या कारखान्यात प्रथम उभा राहिला, तो कारखाना बंगलोरचा. आणि त्याची कल्पना ज्याच्या मनात उगवली, तो गृहस्थ सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापुरात १८८२ साली झाला. घराणे व्यापाऱ्यांचे; परंतु त्यांचे मन पेढीवर रमले नाही. रेल्वेच्या आणि बोगद्यांच्या कंत्राटांत त्यांनी नाव मिळविले, आणि १९१९ साली सिंदिया जहाज कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेऊन ते इंग्रजांच्या मक्तेदारीशी भिडले. त्या कंपनीचे 'लॉयल्टी' हे पहिले जहाज १९१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून लंडनकडे निघाले. ते जुने होते. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले. चारच वर्षांत, १९२३ साली, ते मोडीत काढावे लागले. दुसऱ्याने बांधलेले आणि दुसऱ्याने वापरून झालेले यंत्र घेऊन फार दूर जाता येत नाही, हा धडा समुद्राने दिला होता. पुढे आकाशानेही तोच दिला.

१९३९ साली युद्धाला तोंड लागले. त्याच वर्षी पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या एका विमानात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली यांनी चीनमध्ये विमानांचा कारखाना चालविला होता आणि अमेरिकेतील कंपन्यांशी त्यांचे लागेबांधे होते. असा कारखाना हिंदुस्थानात का होऊ नये, असा विचार तेथून पुढे सुरू झाला. दिल्लीच्या सरकारचे मन प्रथम वळेना. यंत्रे कोठून आणणार, माल कोठून आणणार, ब्रिटनलाच तो पुरत नाही, असे उत्तर मिळे. परंतु १९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडला, इंग्लंड एकटे उरले, आणि सरकारची भाषा बदलली.

जागेचा प्रश्न म्हैसूर संस्थानाने सोडविला. दिवाण सर मिर्झा इस्माईल हे उद्योगधंद्यांचे चाहते. बंगलोरची हवा सौम्य, समुद्रकिनारा दूर, वीज मुबलक, भद्रावतीचे पोलाद हाताशी, आणि शहरातच विज्ञानाची उच्च संस्था. संस्थानाने ७०० एकर जमीन दिली आणि भांडवलात २५ लाख रुपये घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली. पुढे १९४१ च्या मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारही तिचे भागीदार झाले.

काम वेगाने सुरू झाले. १९४१ साली अमेरिकन नमुन्याचे हार्लो हे शिकाऊ वैमानिकांचे विमान बंगलोरात जुळविले जाऊन उडाले. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडील तरुण शास्त्रज्ञही या कारखान्याच्या कामात होते. जर्मनीत ग्यॉटिंगन येथे प्रांट्ल या जगन्मान्य पंडिताच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन करून ते परतले होते, आणि त्यांनी याच कारखान्यासाठी एका ग्लायडरची आखणी केली. सरकारने कर्टिस हॉक जातीच्या लढाऊ विमानांची मागणी नोंदविली, आणि ३१ जुलै १९४२ रोजी बंगलोरात तयार झालेले पहिले हॉक विमान आकाशात गेले.

पण हे विमान उडाले त्या दिवशी त्याला जन्म देणारा मनुष्य कारखान्याचा मालक उरला नव्हता.

१९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले. एप्रिलच्या आरंभी कोलंबोवर बाँब पडले, आणि लगोलग विशाखापट्टण व काकिनाडा येथेही. युद्ध आता उंबरठ्याशी आले होते. अशा वेळी सरकारने वालचंदांच्या बाजूचे भाग विकत घेऊन कारखान्याचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले. म्हैसूर संस्थानाने आपले भाग राखले, पण युद्ध चालू असेपर्यंत कारभारात हात न घालण्याचे मान्य केले. त्याबरोबर कारखान्याचे धोरणही पालटले. हॉकची मोजकीच विमाने पुरी झाली. नवी विमाने बांधण्याचे काम मागे पडले, आणि दुरुस्ती हेच मुख्य काम ठरले.

या निर्णयाविषयी दोन पक्ष आहेत आणि दोन्ही ऐकावयास हवेत. सरकारी पक्षाचे म्हणणे असे की, विमानाची इंजिने आणि बहुतेक सामग्री अमेरिकेहून यावयाची. अमेरिका स्वतःच युद्धात उतरल्यावर ती वेळेवर येण्याची आशा नव्हती. शिवाय हॉक विमान १९४२ साली जुने झाले होते. वर्षभर खपून अशी थोडी विमाने बांधण्यापेक्षा मोडून पडलेली शेकडो विमाने पुन्हा उडती करणे हे युद्धाच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे होते. वालचंदांच्या पक्षाचे म्हणणे निराळे. ऑस्ट्रेलियाने १९३६ साली स्वतःची विमान कंपनी काढली आणि १९३९ साली आपले विमान उडविले. साम्राज्यातील एका देशाला जे शोभते ते दुसऱ्याला का शोभू नये? आज सरकार निर्मिती थांबविते ते युद्धासाठी की उद्याच्या बाजारपेठेसाठी? या शंकेला जहाजांच्या धंद्यातील वीस वर्षांच्या कडू अनुभवाचा आधार होता. न्यायबुद्धीने पाहता असे म्हणावे लागते की, हिशेब सरकारचा बरोबर होता, आणि शंका वालचंदांची बरोबर होती.

इकडे युद्धाने मालवाहू विमानांना अनपेक्षित महत्त्व आणून दिले. १९४२ च्या एप्रिलअखेरीस ब्रह्मदेशातील लाशिओ जपानच्या हाती गेले आणि चीनला पोचणारा अखेरचा खुष्कीचा मार्ग तुटला. उरली ती फक्त हवा. आसामातील चाबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट अशा तळांवरून विमाने निघत आणि हिमालयाच्या पूर्वेकडील डोंगरांच्या रांगा ओलांडून चीनच्या युनान प्रांतात उतरत. या पर्वतांना अमेरिकन वैमानिक 'हंप' म्हणत; म्हणजे बैलाचे वशिंड. नाव थट्टेचे, पण त्या वशिंडाने शेकडो विमाने आणि हजाराहून अधिक माणसे गिळली. तरीही सुमारे साडेसहा लाख टन माल त्या मार्गाने गेला. युद्धाच्या इतिहासात एवढा मोठा पुरवठा केवळ विमानांनी तोवर कोणी केला नव्हता.

या उड्डाणांत इंजिनांचे हाल होत. भरलेले विमान घेऊन पावसाळी ढगांतून पंधरा हजार फुटांवर चढावयाचे, म्हणजे इंजिनाकडून त्याच्या ताकदीचा शेवटचा थेंब पिळून घ्यावयाचा. अमेरिकेपासून सुटे भाग यावयाचे ते अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून. झिजलेले प्रत्येक इंजिन ओव्हरहॉलसाठी अमेरिकेस पाठविणे अशक्य होते. तेव्हा हे काम हिंदुस्थानातच व्हावयास हवे, हे उघड झाले. १९४३ च्या सप्टेंबरात हिंदुस्थान सरकारने बंगलोरचा कारखाना अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाच्या हवाली केला. तो '८४ वा एअर डेपो' म्हणून ओळखला जाऊ लागला. कंपनी हिंदुस्थानची, जमीन म्हैसूरची, कामगार बहुतांशी आसपासचे, आणि तांत्रिक सूत्रे अमेरिकनांची, अशी ती व्यवस्था होती.

प्रथम आली ती कॅटलिना जातीची समुद्री विमाने. बंगलोरला समुद्र नाही. म्हणून ती बेळ्ळंदूरच्या तलावावर उतरत. त्यांच्यामागून हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश येथे उडणारी जवळजवळ प्रत्येक जातीची अमेरिकन विमाने येऊ लागली. लढाऊ, बाँबफेकी आणि मालवाहू. आगगाडीने खोक्यांत घालून झिजलेली इंजिने येत आणि चाचणी होऊन, तेल लावून, पुन्हा खोक्यांत बसून परत जात. युद्ध संपेपर्यंत हा कारखाना पूर्वेकडील दुरुस्तीच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक झाला होता.

या काळात बंगलोरने काय मिळविले? अमेरिकन कारखानदारीची एक रीत अशी की, एका माणसाला सारे काम न देता ते पन्नास टप्प्यांत वाटावयाचे आणि प्रत्येक टप्प्याला माप ठरवून द्यावयाचे. आपल्याकडचा कारागीर कुशल होता, पण त्याचे कौशल्य डोळ्यांत आणि बोटांत होते, कागदावर नव्हते. 'बसते आहे ना, मग झाले', हा त्याचा निकष. विमानाच्या इंजिनात हा निकष प्राणघातक ठरतो. इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक गेजने मोजावयाचा, तो तक्त्यावर लिहावयाचा, लिहिल्याखाली सही करावयाची, आणि आपल्या सहीमागे कोणाचा तरी जीव आहे हे जाणावयाचे, ही शिस्त त्या शेडमधून म्हैसूरच्या, मद्रासच्या आणि इतर प्रांतांच्या तरुणांच्या अंगी बाणली. नवे इंजिन बांधणाराला सारे भाग नवे आणि निर्दोष मिळतात. जुने इंजिन उघडणाराला ते कोठे थकते, कोठे तडकते, कोठे तापते, हे दिसते. दुरुस्ती ही या अर्थाने निर्मितीची पाठशाळाच होय.

१९४५ साली युद्ध संपले, अमेरिकन निघून गेले, आणि कारखाना हिंदुस्थान सरकारकडे परत आला. आता एवढ्या मोठ्या यंत्रशाळेला खाऊ काय घालावयाचे, हा प्रश्न होता. अशा वेळी अनेक कारखाने मोडीत निघतात. बंगलोर तगले ते दुरुस्तीच्या विद्येवर. युद्धसमाप्तीनंतर अमेरिकन सैन्याची कितीतरी डाकोटा विमाने देशात शिल्लक उरली होती. नव्या प्रवासी विमान कंपन्यांनी ती स्वस्तात घेतली. पण सैनिकांची बाके असलेल्या त्या विमानांना प्रवाशांच्या योग्य करावयाचे आणि इंजिने नव्यासारखी करून द्यावयाची, हे काम बंगलोरकडे आले. कानपूरला टाकून दिलेली, उडू नयेत म्हणून मुद्दाम निकामी केलेली लिबरेटर बाँबफेकी विमाने तेथेच जेमतेम डागडुजी करून बंगलोरला उडवीत आणली गेली आणि संपूर्ण दुरुस्तीनंतर १९४८ पासून हवाई दलात दाखल झाली. उरलेल्या हातांना काम हवे म्हणून कारखान्याने रेल्वेचे धातूचे डबेदेखील बांधले.

आणि या दुरुस्तीच्या कामाचे मोल १९४७ च्या ऑक्टोबरात साऱ्या देशाला कळले. २७ ऑक्टोबरच्या सकाळी दिल्लीहून डाकोटा विमाने पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरकडे निघाली. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्याकडे होते. श्रीनगरला वेळेवर पोचेल असा रस्ता भारताच्या हाती नव्हता. होता तो फक्त विमानतळ. हवाई दलाची विमाने थोडी. म्हणून प्रवासी कंपन्यांच्या डाकोटा ताब्यात घेण्यात आल्या. पुढील आठवड्यांत ही विमाने शेकडो खेपा करीत राहिली. डिसेंबरात वेढलेल्या पूंछमध्ये एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर डाकोटा उतरविली, आणि २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन ते लेहला उतरले. या पराक्रमांचे श्रेय वैमानिकांचे आहे, यात शंका नाही. पण पर्वतावर चढताना वैमानिक ज्या इंजिनावर विसंबतो, ते कोणीतरी उघडून, धुऊन, मोजून, सही करून दिलेले असते. त्या वेळी ते परदेशी पाठवून सहा महिन्यांनी परत आणावयाचे असते, तर काश्मीरचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

पुढे दुरुस्तीतून निर्मितीची वाट खरोखरच फुटली. १९५१ साली डॉ. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले एच. टी. २ हे विमान उडाले. ते बंगलोरचे अस्सल अपत्य. १९५७ साली इंजिनांसाठी स्वतंत्र विभागाची स्थापना झाली आणि ऑर्फियस नावाचे जेट इंजिन परवान्याने तेथे होऊ लागले. मालवाहू विमानांच्या इतिहासात या इंजिनाला एक मजेदार स्थान आहे. हवाई दलाच्या पॅकेट विमानांना हिमालयातील उंच धावपट्ट्यांवर बळ कमी पडे. तेव्हा त्यांच्या पाठीवर एक जेट इंजिन बसविण्याची युक्ती निघाली आणि बंगलोरचे ऑर्फियस त्या कामी आले. अमेरिकेने बांधलेल्या विमानाला भारतात घडविलेल्या इंजिनाने वर ढकलावे, हे वीस वर्षांपूर्वी कोणाला खरे वाटले नसते.

परंतु या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १७ जून १९६१ रोजी उडालेले मरुत हे लढाऊ विमान भारतात बांधले गेले. त्याला हवे तसे बलवान इंजिन मात्र कधीच मिळाले नाही. ज्या इंजिनाच्या भरवशावर त्याची आखणी झाली होती ते परदेशात पुरे झाले नाही, आणि घरात ते नव्याने निर्माण करण्याची विद्या नव्हती. दुरुस्ती ही पाठशाळा खरी. पण पाठशाळेतच जन्म काढला तर विद्यार्थी पंडित होत नाही. दुसऱ्याचे इंजिन उत्तम उघडता येणे आणि स्वतःचे इंजिन कागदावर रेखाटता येणे, यांमध्ये एक दरी आहे. ती केवळ सवयीने ओलांडता येत नाही. तिच्यासाठी संशोधन, धातुविद्या, पैसा आणि दीर्घ धीर लागतो.

वालचंद हिराचंद १९५३ साली निवर्तले. त्यांच्या कंपनीचे १९६४ साली 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स' या मोठ्या सरकारी संस्थेत रूपांतर झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये भारताने हवाई दलाच्या जुन्या ॲव्हरो विमानांच्या जागी ५६ सी-२९५ मालवाहू विमानांचा करार केला. त्यांतील ४० विमाने बडोद्यास बांधावयाची ठरली, आणि संपूर्ण देखभालीची सोयही देशातच उभारण्याची अट घातली गेली. या विमानांची इंजिने प्रॅट अँड व्हिटनी या घराण्याच्या कॅनडातील शाखेची आहेत. डाकोटाची इंजिनेही त्याच घराण्याची होती. ऐंशी वर्षांत विमान बदलले, कारखाना बदलला, करारातील अटी बदलल्या. इंजिनावरील नाव तेच राहिले.

या योगायोगात लाज मानण्याजोगे काही नाही. बहुतेक देश इंजिने बाहेरूनच घेतात. पण देखभालीचा करार कोणाशी करावयाचा याची चर्चा जेव्हा केव्हा निघते, तेव्हा सर्वांत स्वस्त बोली कोणाची एवढेच पाहून चालत नाही. बंगलोरचा इतिहास दुसरेही काही विचारावयास शिकवितो. कराराची मुदत संपून परका निघून जाईल, त्या दिवशी शेडमध्ये काय उरेल? अवजारे, तक्ते आणि शिकलेले हात उरणार असतील, तर महाग करारही स्वस्त ठरतो. १९४५ साली ते उरले होते. म्हणूनच १९४७ साली डाकोटा उडू शकल्या. निर्मितीचे स्वप्न पाहणाऱ्या सोलापूरच्या त्या उद्योगपतीला दुरुस्तीचे काम कमीपणाचे वाटले असल्यास नवल नाही. तथापि त्याने लावलेले रोप जगले, ते त्या कमीपणाच्या कामाचे पाणी पिऊनच.